ओताऱ्याची नात

ओतकामाच्या गल्लीत त्यांना लहानथोर सगळे मामा म्हणत, आणि गंमत म्हणजे सख्खा भाचा त्यांना एकही नव्हता. गल्ली म्हणजे समोरासमोर उभ्या पत्र्याच्या शेडी. प्रत्येकीत एक भट्टी, काळ्या वाळूचा ढीग आणि कोपऱ्यात भंगार: गाड्यांचे जुने भाग, खिडक्यांच्या चौकटी, मोडके पंखे. हे सगळं मुशीत वितळायचं, वाळूच्या साच्यात ओतलं जायचं आणि पातेली, कढया, झाकण्या होऊन बाहेर पडायचं. आसपासच्या वस्त्यांत दुकानातली चकचकीत भांडी फडताळात मिरवायची. रोज आचेवर चढायचं ते गल्लीतलंच पातेलं.

मामांचा हात सर्वांत नाजूक. त्यांच्या पातेल्याची कड इतकी पातळ की बायका ती बोटाने चाचपून बघत आणि मगच घेत. दुसरा कोणी तसं करायला गेला तर धातू साच्यात अर्ध्यावरच थिजायचा. मामांची एक युक्ती होती. गाड्यांच्या जुन्या रेडिएटरला सांधे जोडायला वितळवलेल्या मऊ धातूचा डाग दिलेला असतो. बाकीचे ओतारी हे सांधे ठोकून बाजूला काढायचे, मामा ते तसेच मुशीत टाकायचे. त्याने धातूचा रस पाण्यासारखा पळतो, असा त्यांचा समज. झाकून ठेवायचा स्वभाव नव्हता. विचारलं की सांगून टाकायचे. होता होता अर्धी गल्ली तसंच करायला लागली.

जावई परगावी कामाला, म्हणून लेक बाळासकट मामांकडेच राहायची. नात चिमी सहा महिन्यांची झाली आणि तिला वरचं अन्न सुरू करायचं ठरलं, तेव्हा मामांनी तिच्यासाठी वीतभर पातेलं ओतलं. त्यात भंगारापेक्षा डागाचे सांधेच जास्त. अंड्याच्या टरफलासारखं पातळ पातेलं झालं. लेकीने त्यातच बाळासाठी टोमॅटो घालून भात शिजवायला सुरुवात केली, कारण पोरीला आंबट फार आवडायचं. भांडं जाळीने घासघासून ती आरशासारखं ठेवायची.

पोरगी गोड होती, पण बोलेना. दोन वर्षांची झाली, तीन झाली, तरी गाडी चार-पाच शब्दांपुढे सरकेना. शेजारणी धीर देत, की उशिरा बोलणारी पोरं पुढे वकील होतात. मामा म्हणत, हिच्या आईने हिच्या वाटणीचंही बोलून टाकलंय. लेक हसायची आणि रात्रभर पोरीच्या उशाशी जागी राहायची. पोरगी पोट धरून रडायची, हातातली वस्तू विसरायची, एका जागी बसायची नाही. आई कोणाला बोलली नाही, पण गल्लीतल्या त्याच वयाच्या पोरांशी ती मनातल्या मनात तुलना करतच असायची.

त्या सुमारास वस्तीत एक संशोधक बाई येऊ लागली. पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी. इथल्या लहान मुलांच्या रक्तात शिसं का सापडतंय, हे तिला शोधायचं होतं. घरोघर मुलांचं रक्त तपासलं गेलं. मामांच्या नातीच्या रक्तात सगळ्या वस्तीत सर्वांत जास्त शिसं निघालं.

मग बाई घर तपासायला आली. तिच्याकडे पिस्तुलासारखं एक यंत्र होतं, ते वस्तूला टेकवलं की आत काय आहे ते कळायचं. तिने भिंतीचा रंग पाहिला, नळ पाहिला, खेळणी पाहिली. काही सापडेना. मामा कौतुकाने मागे मागे फिरत होते. शेवटी त्यांनीच मांडणीवरून वीतभर पातेलं काढलं आणि पुढे केलं.

“हे बघा बाई. आयुष्यात याच्यापेक्षा चांगलं काम माझ्या हातून झालं नाही.”

बाईने यंत्र टेकवलं. आकड्याकडे पाहिलं, पुन्हा टेकवलं. मग खाली बसून लेकीला हळू आवाजात विचारलं, की यात कोणासाठी शिजवता?

मामांना समजायला वेळ लागला. लेकीला लागला नाही. तिने ते पातेलं उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं. संध्याकाळी मामांच्या पुढ्यात ताट ठेवताना एवढंच म्हणाली, “अप्पा, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे मला कळतं. पण मला तुमच्याकडे बघवत नाही.”

पोरगी आता बरी होईल ना, हे विचारायला मामा स्वतः बाईकडे गेले. बाईने खोटा दिलासा दिला नाही. आंबट अन्नाने आणि घासण्याने भांड्यातलं शिसं जास्तच सुटतं, भांडी बदलली की रक्तातलं हळूहळू उतरेल, म्हणाली. मेंदूचं जे नुकसान या वयात होऊन जातं, ते मात्र औषधाने भरून निघत नाही. शिकवा, बोलत राहा, चांगलं खाऊ घाला. मामा मान हलवत राहिले आणि उठताना त्यांनी पुन्हा विचारलं, पण बरी होईल ना?

बाईचा अहवाल आरोग्य खात्यात गेला. खात्यातले साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी गल्लीतल्या लोकांनाही बैठकीला बोलावलं आणि सरळच सांगितलं, की अमुक वाईट आहे असं सांगणारा अहवाल मला दर महिन्याला कोणी ना कोणी आणून देतं. मी बंद नेमकं काय करू? सगळी पातेली? मग लोक शिजवतील कशात? भांड्यात शिसं आहे हे दिसलं, ते येतं कुठून ते दाखवा, मी नियम करतो.

ते बाईला दाखवता येईना. तिने भंगाराचे ढीग तपासले होते, पण ती येणार हे कळताच रेडिएटर मागच्या खोलीत ढकलले जायचे. गल्लीचं ठरलं होतं, तोंडाला कुलूप. नियम झाला तर भट्ट्या थंड पडतील, अशी भीती प्रत्येकाला होती.

मामांचे शेजारी, ज्यांना ते भाऊ म्हणत, बैठकीहून परतताना त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “तुमच्या घरावर आलं ते वाईटच झालं, मामा. पण म्हणून बाकीच्यांच्या चुली विझवू नका.”

“त्या चुलींवर माझीच युक्ती शिजतेय, भाऊ,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईला आणि साहेबांना शेडमध्ये बोलावलं. भट्टी पेटवली. गल्ली दारात गोळा झाली, आत कोणी आलं नाही. मामांनी नव्या मुशीत डागाचे सांधे ठोकून काढलेलं भंगार वितळवलं आणि एक पातेलं ओतलं. मग दुसऱ्या मुशीत तेच भंगार सांध्यांसकट घेऊन दुसरं. निवल्यावर साचे फोडून दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. दुसरं किती पातळ आणि देखणं झालं होतं! साहेब ते उचलायला गेले, तर मामांनी त्यांचा हात धरला आणि आधी यंत्र लावायला सांगितलं. पहिल्यात जेमतेम खूण उमटली. दुसऱ्याचा आकडा बघून साहेबांनी चष्मा पुसला.

नियम झाला. डाग दिलेलं भंगार भांड्यांसाठी वितळवायचं नाही, आणि भांडी बाजारात जाण्याआधी तपासून घ्यायची. काही भट्ट्या बंद पडल्या, काही जाड पातेली ओतत तगल्या. भाऊंनी मामांशी बोलणं टाकलं. मामांनी स्वतःची भट्टी मात्र पुन्हा पेटवली नाही. साचे वाटून टाकले आणि ते गॅरेजमध्ये नटबोल्ट वेचून वेगळे करायच्या कामाला जाऊ लागले.

नातीसाठी त्यांनी जमेल ते केलं. बाई म्हणाली होती बोलत राहा, म्हणून मुळात मोजकंच बोलणारा हा माणूस दिवसभर बडबड करू लागला. हे पाणी, हा कावळा, ही बघ तुझी चप्पल. लेक स्वयंपाकघरातून ऐकायची. ती आता बोलायची बापाशी, जेवायला वाढायची, दुखलंखुपलं बघायची. पण त्यांच्याकडे पाठ करून.

काही वर्षांनी बाई पुन्हा आली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. नियमानंतर जन्मलेल्या मुलांचं रक्त तपासून झालं होतं. शिसं निम्म्याहून खाली आलं होतं. दुसऱ्या शहरांतही आता हाच नियम होतोय, म्हणाली. तुम्ही त्या दिवशी ओतलं नसतं, मामा, तर हे कागदावरच राहिलं असतं.

मामांनी तिला पाणी दिलं. चांगलं झालं, म्हणाले. मग विचारलं, “आमची चिमी यात कुठे धरली?”

“ती आधीच्या मुलांत आहे, मामा. आधीची आणि नंतरची, अशी तुलना करावी लागते.”

“म्हणजे ती आहे म्हणून नंतरची बरी दिसतात.”

नात शाळेतून सुटायची वेळ झाली होती. तिच्या वयाची मुलं केव्हाच पुढच्या वर्गात गेली होती, ती अजून पहिल्या वर्गातच बसत होती. फाटकातून एकटीला सोडलं की ती भलत्याच रस्त्याला लागायची. मामांनी चपला घातल्या आणि ते घाईघाईने तिला आणायला निघाले.