राहिलेली ओळ

कपाट आवरताना हवाई टपालाचा पातळ निळा कागद हाती लागला आणि बंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या आमच्या घरमालकीणबाई, अक्का, आठवल्या. नव्वदच्या दशकात मी तिथल्या विद्यापीठात फ्रेंच आणि भाषांतर शिकत होते. एकदा अक्कांनी त्यांच्या फ्रेंच सुनेचं पत्र वाचायला आणलं. वर्गातल्या सवयीने ओळीखाली बोट सरकवत मी मराठीत सांगत गेले. ‘यंदाही आम्हाला यायला जमणार नाही’ एवढी ओळ मात्र न सांगताच बोट पुढे नेलं. अक्कांनी आपलं हळदीचं बोट नेमकं तिथे टेकवलं आणि आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, ‘स्वल्प थांब. ही ओळ सोडलीस की गं.’ मान खाली घालून मी ती सांगितली. ‘सरी, बरं,’ त्या म्हणाल्या, ‘आता पहिल्यापासून परत सांग. सगळं.’ आज विद्यार्थ्यांची भाषांतरं तपासताना मी आधी मूळ मजकुरावरून बोट फिरवते.