उलटा हात

आमचा कूलरवाला कूलरला आधी तळहात कधीच लावत नाही. प्लग काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरला, तरी पहिल्यांदा उलटा हातच टेकवतो. चहाचा कपसुद्धा तसाच चाचपतो. मला चीड यायची. एकदा विचारलंच, "काहून गा असा?"

"करंट कोणाले पकडत नाही, भाऊ. मूठ आपलीच बंद होते. मंग सोडतो म्हटलं तरी सुटत नाही."

परवा तो आला, तेव्हा मी बंद कूलर दोन्ही हातांनी धरून आत वाकलो होतो. त्यानं हाक मारली. माझ्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, उत्तर कसं देणार? त्यानं पुन्हा हाक मारली, आणि लगेच दारामागचा बांबू माझ्या मनगटांवर बसला. मी खाली कोसळलो, खर्रा शर्टावर.

"अबे, बंद आहे ना!" मी ओरडलो.

त्यानं आधी उलटा हात माझ्या गालाला टेकवला. मग उठवायला त्यानं माझा हात धरला. मी उभा राहिलो, दुसऱ्या हातानं शर्ट झटकला, आत चहा सांगितला, तरी त्याची मूठ सुटत नव्हती.