नखाखालचा चिकू

आशागडच्या आमच्या वाडीत प्रतवारी करताना शंकेचा चिकू नखाने तपासतात. साल किंचित खरवडायची. खाली हिरवे दिसले तर फळ कोवळे, पिवळसर दिसले तर तयार. पत्नीचे नख इतके हलके होते की तिने तपासलेल्या फळावर खूण शोधावी लागे.

एका हंगामात मात्र तिच्या हातचे चिकू गरापर्यंत फाटू लागले. उघडा गर हवेने तपकिरी होई आणि फळ बाजूला काढावे लागे. मजुरांसमोर मी तिला विचारले, "लक्ष कुठे असतं तुझं?"

तिने पुढचा चिकू उचलला. तलासरीहून कामाला येणारी वयस्क बाई म्हणाली, "शेठ, चिकू काय बघता, वहिनीचा हात बघा. अंगठ्यात काटा रुतलाय, तिला पत्ता नाय."

मी ते हसण्यावारी नेले. वर्षभराने पत्नीला एका डोळ्याने अंधूक दिसू लागले, पाय अडखळू लागला, तेव्हा कुठे आम्ही शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूंवरचे आवरण सोलते, डॉक्टर सांगत होते. त्या दाहात प्राणवायूचे अतिक्रियाशील रेणू शरीराला आवरता येणार नाहीत इतके तयार होतात आणि आवरणाला, उघड्या पडलेल्या तंतूला आणखी इजा करतात. त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

माझ्या डोळ्यांसमोर तो तपकिरी गर आला.

"मग फळं, आवळा असं काही दिलं तर?"

"खुशाल द्या. पण त्या भरवशावर मी लिहून दिलेली इंजेक्शनं चुकवू नका."

"वर्षभर आधी आलो असतो तर?"

त्यांनी कागद नीट लावले. "औषध जितकं लवकर सुरू होईल, तितकं बरं."

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. प्रतवारी सोडून मी पुन्हा पुन्हा तिच्याकडे जातो, तिच्या अंगठ्यावरून नख हलकेच ओढतो.

"जाणवतं?"

"अहो, किती वेळा? मी काय चिकू आहे?"

ती बाई तोंडावर पदर घेऊन हसते. मी हसू शकत नाही.

"पण जाणवतं का?"

"कालच्याइतकंच." परवाही एवढेच बोलून ती पेटीत कागद अंथरत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्या वर्षी असं एकदा विचारायचं होतंत."

आवाजात राग नव्हता.  मी तिला दुसरा हात पुढे करायला सांगितले.