चौथं कडवं

प्रार्थनेत गाणं ऐन रंगात आलं असताना राहेलबाई मध्येच हात वर करायची. सगळे गप्प व्हायचे. एक अख्खं कडवं गाऊन होईल एवढा वेळ ती तशीच डोळे मिटून बसायची, मग हात खाली आणायची आणि पुढचं कडवं सुरू व्हायचं. लग्न होऊन सिरसाळ्याला आले तेव्हा पहिल्याच रविवारी मी हा प्रकार पाहिला. मला वाटलं, बाई गाणं विसरली.

विसरली नव्हती. निजामाच्या अंमलातले दिवस. गावात शाळा होती ती उर्दू, आणि आमच्या वस्तीतल्या पोरांना तिच्या ओट्यापर्यंतच वाट. अक्षर कोणालाच येत नव्हतं. एका फिरत्या उपदेशकाकडून राहेलबाईनं सहा कडव्यांचं गाणं तोंडपाठ करून घेतलं आणि वस्तीतल्या सहा ख्रिस्ती घरांना एकेक कडवं वाटून टाकलं. स्वतः एकटी विधवा, स्वतःकडे तिनं एकही ठेवलं नाही. ऐकून ऐकून सगळ्यांना सगळं यायचं, पण दुसऱ्याचं कडवं उचलायचं नाही, ही तिची सक्त ताकीद. ज्या घरचं कोणी आलं नाही, त्याच्या कडव्याला नुसती शांतता. प्रार्थना संपली की अंबाडीचे दोर वळून घट्टे पडलेले हात पदराला पुसत ती थेट त्या घरी. "का म्हून आला न्हाईस? तुज्यापाशी गाणं थांबलं आज." आवाज चढवायची नाही. पण ऐकणाऱ्याला त्या दिवशी भाकर गोड लागत नसे.

आमच्या घराचं कडवं चौथं. माझे सासरे, केरबा गवंडी, यांनीच प्रार्थनाघराच्या मातीच्या भिंती उभ्या केल्या होत्या. दार मुद्दाम बुटकं ठेवलेलं. "देवाच्या घरात मानसानं वाकूनच यावं," असं मामंजी ज्याला त्याला ऐकवायचे. स्वतः मात्र वाकण्यातले नव्हते. एका रविवारी भर प्रार्थनेत ते म्हणाले, "भिंती म्या रचल्या, अन् माजं कडवं चवथं? मला पयलं पायजे."

"पयलं सखूमावशीचं हाय, केरबादादा," राहेलबाई म्हणाली. "म्हातारीपाशी दुसरं काय हाय सांगा?"

मामंजी उठले ते उठलेच. घरातल्या कोणीही तिथं पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम सुटला. राहेलबाई दाराशी आली तेव्हा त्यांनी तिला बसाही म्हटलं नाही. "देवाला आमच्या घरातून ऐकू जात न्हाई का?"

"देवाला जातं की," ती म्हणाली. "आमाला न्हाई ना जात."

पुन्हा काही ती बोलवायला आली नाही. रविवारी सकाळी मामंजी दगड बघायला म्हणून धर्मापुरीच्या वाटेनं निघून जायचे. मी अंगणात भाकरी थापत कान देऊन बसायची. शब्द कळायचे नाहीत, चाल तेवढी ऐकू यायची. तिसरं कडवं संपायचं आणि मग ती शांतता. खोटं कशाला सांगू, मी रडायची. माहेर सुटलं तेव्हा रडले नव्हते तेवढी रडायची. आमच्यावाचून त्यांचं अडत नाही असं एकदा तरी दिसावं, म्हणजे सुटले, असंही वाटायचं. पण वर्ष झालं तरी ती बाई दर रविवारी तेवढीच थांबत होती. मधल्या काळात तिनं स्वतः एक सातवं कडवं जुळवलंय आणि ते एकटीच गाते, एवढं शेजारणीकडून कळलं.

त्या उन्हाळ्यात राहेलबाई तापानं गेली. तिच्या मातीला जाऊ नका म्हणायला मामंजी धजावले नाहीत. ते स्वतःही आले, पण लांब बाभळीखाली उभे राहिले.

गाणं सुरू झालं. तिसरं कडवं संपलं आणि कोणी हात वर केला नसतानाही सगळे थांबले. बाभळीखालून मामंजींचा घोगरा आवाज आला. चौथं कडवं त्यांनी पूर्ण म्हटलं. मग पाचवं झालं, सहावं झालं. सातवं तिचं. ते उचलायची कोणाची छाती होईना. आणि पुन्हा मामंजीच गाऊ लागले:

दिवा लागला, भाकर झाली, लावू नका दार,
एक मानूस यायचं हाय, करू नका अंधार.

लोक वळून बघायला लागले. हे कडवं जुळवलं गेलं तेव्हा मामंजी येत नव्हते.

परतताना, कधी नव्हे तो धीर करून, मी विचारलं. ते म्हणाले, "धर्मापुरीला कोन गेलतं? मागच्या भिंतीला टेकून उभा ऱ्हायचो. चवथ्याला समदे गप झाले की वाटायचं, शिरावं आत. पर दार म्याच लई बुटकं केलतं."

पुढच्या रविवारी ते वाकून आत आले आणि तिच्या रिकाम्या जागेशेजारी बसले.