बॉबिनच्या डब्यातली गोळी

शर्टच्या कारखान्यात सगळे तिला ‘कॉलर’ म्हणत, कारण तिने शिवलेली कॉलर कधी वाकडी बसली नाही. लाइनची सुपरवायझर तिची मोठी नणंद. ताईनेच तिला इथे चिकटवलं होतं, म्हणून कॉलर तिचा शब्द खाली पडू देत नसे.

मोठी ऑर्डर आली की ताई बॉबिनचा डबा घेऊन फिरे आणि प्रत्येकीच्या हातावर एक सुटी गोळी ठेवी. “ताकदीची आहे. घे, अंगात रक्त भरलं की दिवसही राहतील.” शेजारच्या मशीनवर ताईची नुकतीच लग्न झालेली लेक बसे. तिच्यापुढे डबा कधी थांबत नसे. लेकीला वगळून ताई आपल्याला देते, या विचाराने कॉलर विरघळून जाई. भोळेपणाला काही सुमार असतो, पण हिच्या नव्हता.

या खेपेची ऑर्डर बरेच दिवस चालली, आणि पाळी लांबली. कॉलरला आभाळ ठेंगणं झालं. उरल्यासुरल्या तुकड्यांतून तिने वीतभर शर्ट शिवला, कॉलरसकट, आणि आधी ताईला दाखवला. ताईने तो उलटसुलट करून पाहिला. “छान झालाय,” म्हणाली.

दवाखान्यात तपासणी झाली. काहीच नव्हतं. औषध काय घेता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर कॉलरने कौतुकाने रुमालातली गोळी काढली. बाईंनी गोळीवरची खूण पाहिली. “ही ताकदीची नाही हो. पाळी लांबवायची आहे. शरीरात एक हार्मोन असतं, त्याची ही बनवलेली नक्कल. बंद केलीत की पाळी येईल. पण अशी न विचारता मधेच घेत राहिलात, तर दिवस राहणार कसे?”

कॉलर तडक लाइनवर आली. डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज चढला होता.

“ताई, तुम्हाला माहीत होतं?”

ताईने आधी कानावर हात ठेवले, मग उसळली. “बायका त्या दिवसांत रजा टाकतात, सारख्या संडासात जाऊन बसतात. ऑर्डर बोंबलली असती तर सगळ्याच घरी बसलो असतो. मालकांनी दिल्या, मी वाटल्या.”

“शर्ट हातात घेतलात, तेव्हाही बोलला नाहीत. आणि लेकीला का नाही दिलीत कधी?”

“तिला कशी देऊ?” ताई बोलून गेली. “तिला मूल हवंय.”