घुशीचं बी

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. ज्यांच्यासमोर मान खाली घालावी लागली असती ती माणसं होती तोवर गप्प राहिलो. आता त्यातलं कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो आहे. याला हिंमत म्हणत नाहीत, हे मला कळतं.

शेलूबाजारच्या अलीकडे रस्त्याला लागून एका बाईचा भाजीचा मळा होता. नवरा लवकर गेलेला. मी तिला वहिनी म्हणायचो; माझाही मळा होता, ओढ्यापलीकडे, बराच लांब. तिच्या घरात बियाच बिया. वाळलेले दोडके आढ्याला टांगलेले, वांग्याचं बी राखेत, चवळी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत. लवकीच्या, म्हणजे दुधीच्या, बिया ती शेणात दाबून त्याच्या चकत्या भिंतीला थापायची. बी विकत मागितलं तर द्यायची नाही. मूठभर न्या, मूठभर आणा, आणि आणाल ते तिच्याकडे नसलेलं पाहिजे.

तिला 'घूस' हे नाव मी ठेवलं. एकदा बाजारात ती एका म्हातारीशी वालाच्या बियांची अदलाबदल करत होती, तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "पाहा, आमची घूस! इथलं नेते, तिथलं आणून टाकते, अन् सारं बिळात भरते." लोक हसले. तीही हसली. म्हणाली, "घुशीच्या बिळातूनच काढून खासान एक दिवस, भाऊ." नाव चिकटलं. पुढे तिच्या सुनेला नळावरच्या बायका "घुशीची सून" म्हणू लागल्या, तेव्हा मात्र ती हसायची बंद झाली.

तिची लवकी आखूड, कोवळी आणि चवीला गोड. मला तिचं बी हवं होतं. पण बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. कित्येक वर्षं मी पाकिटाचंच बी लावत होतो. तिनं आधीच सांगितलं होतं, "पाकिटाचं नोको. ते पुढच्या साली तसं येत नाई."

मानोऱ्याहून येताना जीप थांबली होती, तेव्हा रस्त्याकडेच्या कुंपणावर कडू भोपळ्याचा वाळका वेल दिसला. त्याला गुरंही तोंड लावत नाहीत. एक फळ तोडलं, घरी फोडलं. बिया हुबेहूब लवकीच्या. मी त्या तिला नेऊन दिल्या.

"सासुरवाडीचं बी हाये, वहिनी. तुमच्यापाशी नसन."

तिनं तळहातावर पसरून पाहिल्या. "नाई माह्यापाशी," म्हणाली, आणि भिंतीवरची एक चकती काढून माझ्या हाती दिली.

मला वाटलं होतं, ही घूस. ठेवून देईल बाटलीत, पेरणार थोडीच! मीच ठेवलेल्या नावावर माझा एवढा विश्वास बसला होता. बी एक साल पडून राहिलं तरी तिला चैन पडत नसे, हे तिच्या घरी एवढा जाऊन-येऊनही मला माहीत नव्हतं. तिनं ते त्याच पावसाळ्यात लावलं, आपल्या लवकीच्या मांडवाशेजारी.

फळ धरल्यावर ती माझ्याकडे आली. "भाऊ, तुमचं बी कडू निंगालं. जहर."

"आमच्याकडं तर गोड लागते," मी म्हणालो. "तुमची जमीन तशी असन."

तिनं वेल उपटून फेकला. पण तोवर पतंग आणि माश्या कडूचे पराग तिच्या लवकीच्या फुलांवर टाकून गेले होते. त्या साली तिच्या स्वतःच्या लवक्या गोडच निघाल्या. त्यांचं बी तिनं नेहमीप्रमाणे चकत्यांत थापलं आणि आठ-दहा घरांत अदलाबदलीत दिलं.

पुढच्या साली त्या घरांत फळं कडू निघू लागली, काही वेलांना कमी, काहींना जास्त. एका घरच्या म्हाताऱ्यानं पोटासाठी म्हणून लवकीचा रस प्यायला आणि रक्ताच्या उलट्या केल्या. तो वाचला, पण उठून बसला नाही. त्याचा मुलगा आणि आणखी चौघं तिच्या दारात आले. मीही गर्दीत होतो.

"काहून देल्लं असं बी? कुठून आनलं?"

"माह्यंच होतं," ती म्हणत राहिली. "चाळीस वर्साचं होतं. मले समजून नाई राह्यलं."

कोणीतरी म्हणालं, "घुशीनं उष्टं केलेलं बी, अजून काय होईन?" शब्द माझाच होता.

तिनं कोणाशी वाद घातला नाही. आत गेली, उलथन्यानं भिंतीवरच्या चकत्या खरवडून काढल्या आणि चुलीत घातल्या. मग आढ्याचे दोडके, मग बाटल्या. ज्यांचा काही दोष नव्हता तीही बियाणी. तिचा आता कशावरच भरवसा राहिला नव्हता. त्या वेळी तिचं शुद्ध बी माझ्या घरात होतं, त्याचीच फळं माझ्या मांडवावर लगडलेली. पण ते परत दिलं असतं तर तिनं विचारलं असतं, तुमचं गोड कसं राहिलं?

नंतर लोक लवकीच्या बियांसाठी माझ्याकडे येऊ लागले. मी देत होतो. मला कोणी घूस म्हटलं नाही.

ती खाटेला खिळली असं कळल्यावर मी गेलो. रुमालात तिचं बी बांधून घेतलं होतं. सुनेनं चहा ठेवला. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती, ती वळली.

"तुमची लवकी लय गोड हाये म्हंते लोकं."

"हो."

"बी कुठलं?"

मी म्हणालो, "पाकिटाचं."

ती म्हणाली, "जपून लावा मंग. ते पलटते." आणि परत भिंतीकडे वळली. मी चहा पिऊन, रुमाल तसाच बांधलेला घेऊन उठलो. आठवड्याभरात ती गेली.

तो रुमाल घेऊन मळ्यापासून तिच्या दारापर्यंत चालत जाताना मी एकच वाक्य घोकत होतो. वहिनी, तुमचं बी चांगलं होतं, कडू मी आनून देल्लं, मले माफ करा.