राजाचा सदरा आणि नानांचं तबक

शाल प्राचार्य घालणार हे ठरलं. पण श्रीफळ कोणी द्यायचं, यावर स्टाफरूममध्ये चहा गार झाला तरी एकमत होईना.

"सीनियॉरिटीने मी," उपप्राचार्य म्हणाले.

"मंग आम्ही काय नुसत्या खुर्च्या गरम कराव्या?" संस्थेचे संचालक आबा म्हणाले.

सत्कार होता आमच्या शिपायाचा, नानांचा. रिटायर होत होते. कार्यक्रमाचा कोऑर्डिनेटर मी.

मी जळगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. त्याच सकाळी वर्गात फ्रान्सचा राजदरबार घेतला होता. सोपं करून सांगतो. राजा उठला की त्याच्या हाती सदरा कोणी द्यायचा, हे दर्जाप्रमाणे ठरलेलं. राजपुत्र हजर असला तर मान त्याचा, नसला तर त्याच्याखालच्याचा. प्रत्येक कामाला एक पद, आणि कितीतरी पदं रोख पैसे देऊन घेतलेली. राजाची शौचाची खुर्ची वाहणारासुद्धा कमरेला तलवार लावून मिरवायचा.

"सर, त्या खुर्चीला तलवार कशाला?" एका मुलीने विचारलं. वर्ग हसून लोळला. मीही हसलो.

शेवटी आबांना श्रीफळ दिलं, उपप्राचार्यांना पुष्पगुच्छ. कोणी रुसलं नाही. मी स्वतःवर खूश.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत नानांच्या मंडळी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बसल्या होत्या. एरंडोलकडच्या एका खेड्यातून आलेल्या. मला बोलावून म्हणाल्या, "भाऊ, यासले खुर्चीवर बठेल माले देखनं शे." इतकी वर्षं नाना स्टेजवर असत, पण कडेला, उभे. आज त्यांची खुर्ची मधोमध होती.

नाव पुकारलं. प्राचार्य उठले, शालीसाठी हात पुढे केला. हात तसाच राहिला. तबक स्टेजच्या कोपऱ्यात, टेबलावर. शाल कोण देणार, नारळ कोण देणार, सगळं मी ठरवलं होतं. तबक कोण धरणार, हे नाही. ते कायम नानाच धरायचे.

सगळ्यात जवळ मी होतो. क्लार्क माझ्याकडे बघत होता, मी क्लार्ककडे. माझे वडील डाळ मिलमध्ये पोती उचलायचे. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. नावामागे 'प्रा.' लावलं ते काय तबक धरून फोटोत उभं राहायला? पाय उचलला होता, तो मी खाली ठेवला.

तेवढ्यात नाना उठले. सवयीने. तबक उचललं आणि प्राचार्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. प्राचार्यांचं लक्ष फोटोग्राफरकडे. शाल घेतली, खुर्चीकडे वळले. खुर्ची रिकामी.

हॉल हसला. नानाही ओशाळं हसले. मंडळी हसल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आज बी ड्युटी शे का तुमनी?"

आता मी धावलो. "द्या नाना, मी धरतो."

"राहू द्या सर. तुमच्याच्याने नाही व्हायचं. नारळ घरंगळतो."

तशीच त्यांच्या खांद्यावर शाल पडली. फोटो निघाला. प्राचार्य म्हणाले, "नाना, बसा खुर्चीवर, एक परत घेऊ." पण मंडळी उठून दाराकडे निघाल्या होत्या. नाना तबक टेबलावर ठेवून त्यांच्या मागे गेले.

फोटोची फ्रेम मीच त्यांच्या घरी पोचवली. अंगावर शाल, हातात तबक. मंडळींनी ती घेतली, पदराने काच पुसली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. चहा मात्र दिला.

फ्रान्सच्या राजाची ती खुर्ची वाहायला लोक पदरचे पैसे मोजत. आमच्याकडे तबक धरायला फुकटातही माणूस मिळाला नाही. हल्ली सत्काराच्या नियोजनात मी सगळ्यात आधी तबकाचं नाव टाकतो. माझं.